तळाशी दोन सह्या

मालिकेतले माझे दाजी उंचपुरे आहेत. रुंद खांदे, दाढी नुकती पिकायला लागलेली, आवाज असा की भिंती हलाव्यात. तिसऱ्या भागात ते छापखान्यात बसलेले असतात. समोर औषधाच्या माहितीपत्रकाचं प्रूफ असतं आणि त्यातली तीन वाक्यं गाळल्याचं त्यांच्या लक्षात येतं. ते खुर्ची मागे ढकलून उठतात आणि म्हणतात, "हे मी छापू देणार नाही!" मागे व्हायोलिन सुरू होतं. मग तो कागद शर्टात दडवून ते बाहेर धाव घेतात आणि कंपनीची काळी गाडी त्यांच्या मागे लागते.

माझे दाजी पाच फूट तीन इंच होते. पाठीत बाक. आयुष्यात ते बसच्या मागेही कधी धावले नाहीत, सुटली तर सुटली म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी काय केलं ते मी सांगते. काढायला सांगितलेली वाक्यं नीट काढली गेली आहेत ना, एवढं त्यांनी पाहिलं. समासात बरोबरची खूण केली. खाली सही केली. आणि मला म्हणाले, "चहा सांग."

मला हे ठाऊक आहे, कारण मी समोर बसले होते. ती काढल्याचं मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्या कागदाच्या तळाशी दोन सह्या आहेत, एक त्यांची आणि एक माझी. पुस्तकात, नाटकात, मालिकेत, सगळीकडे तो कागद दाखवतात. तळ कुणीच दाखवत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याच शब्दावर मला छापखान्यात नोकरी लागली. आमचा छापखाना फक्त औषधांची माहितीपत्रकं छापायचा. गोळ्यांच्या खोक्यात अंगठ्याएवढी घडी असते ना, जी तुम्ही न उघडता केराच्या डब्यात टाकता, ती. कागद इतका पातळ की पाठपोट दिसावं, आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं. घडी घालणारं यंत्र भिंतीपलीकडे दिवसभर खडखडायचं. अलीकडे दोन टेबलं, एक भिंग, एक लाकडी पट्टी आणि आम्ही दोघं. मी मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचायची, दाजी प्रुफावर पट्टी सरकवत ताडून बघायचे. सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणत, कारण त्यांच्या नजरेतून साधी मात्राही सुटत नसे. मला म्हणत 'पोपट'. ते का, हे सांगायला नकोच.

आमच्या वाचनाची एक तऱ्हा होती. पहिलं वाचन सरळ, पण सगळी चिन्हं उच्चारून. "कंस सुरू, दहा, मिलिग्रॅम, कंस पूर्ण, स्वल्पविराम." दुसरंही तसंच. तिसरं मात्र उलटं, शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे. 'अचानक बंद करू नये' असं असेल तर मी वाचणार, "पूर्णविराम, नये, करू, बंद, अचानक." दाजींचं म्हणणं असं, की अर्थ कळला की डोळा घसरतो. पुढे काय येणार ते आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटतं आणि तो न बघताच पुढे जातो. म्हणून अर्थ आड येऊ द्यायचा नाही. मलाही ते पटलं होतं. बारा वर्षांत आमचं एकही पत्रक चुकीमुळे परत आलं नाही, आणि त्याचा आम्हाला कोण ताठा होता!

पिवळ्या गोळीचं पत्रक तीनदा आमच्याकडे आलं. गोळी दुखण्यावरची, जबर दुखण्यावरची, अफूच्या जातीची. पहिल्या दोन वेळच्या पत्रकात मधोमध, ठळक अक्षरात तीन वाक्यं होती: दीर्घकाळ घेतल्यास सवय लागते. त्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. अचानक बंद करू नये. तिसऱ्या वेळी कंपनीचा माणूस स्वतः प्रत घेऊन आला. साळसूद, इस्त्रीतला, प्रत्येकाला नमस्कार करणारा. छापखान्याला त्याने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, बाराच्या जागी पिवळी गोळी असलेलं. ते आमच्याच टेबलाच्या वर लागलं. त्याच्या प्रतीत त्या तीन वाक्यांवर लाल शाईची आडवी रेघ होती आणि समासात 'काढावे' असं लिहून खाली कुणा बड्या साहेबाची सही. त्या जागी एक नवं वाक्य होतं: डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास सवय लागण्याची शक्यता नगण्य.

मी वाचलं. "लाल रेघ, तीन वाक्यं, काढली. नवं वाक्य सुरू." दाजींनी पाहिलं. दोनदा सरळ, एकदा उलटं. त्याच प्रतीच्या तळाशी 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असा शिक्का मारला. दोघांनी सह्या केल्या. चहा आला, तो थोडा गार होता म्हणून मी कुरकुर केल्याचंही मला आठवतं. त्या वाक्यांबद्दल मात्र आमच्यात चकार शब्द निघाला नाही.

चार महिन्यांनी ताईची पाठ धरली. ताई घरी शाळेचे गणवेश शिवायची, दिवसाला वीस-बावीस शर्ट. मणक्यातली चकती सरकली आणि तिला मशीनवर बसवेना. डॉक्टरांच्या भिंतीवर तेच घड्याळ होतं. त्यांनी पिवळी गोळी लिहून दिली.

त्या रविवारी मी ताईकडे जेवायला होते. जेवण झाल्यावर ताईने खोकं उघडलं, घडी उलगडली आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "अहो, हा तर तुमचा कागद!" अख्ख्या दुकानात गणवेश टांगलेले असावेत आणि त्यात आपल्या हातचा शर्ट ओळखावा, तशी ती खूश झाली. मग तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि दाजींपुढे केला.

"एवढं बारीक मला काही दिसत नाही बाई. भिण्यासारखं काही आहे का हो यात?"

दाजींनी चष्माही लावला नाही. "तीनदा वाचलाय मी तो. काही नाही. घे तू."

ताईने माझ्याकडे बघितलं. ती नेहमी असं करायची, नवऱ्याने सांगितलेलं बहिणीकडून पक्कं करून घ्यायची. मी म्हणाले, "अगं, मीच वाचून दाखवलाय. बिनधास्त घे."

आम्ही तिला फसवलं नाही. फसवलं असतं तर बरं झालं असतं, निदान आम्हाला काहीतरी ठाऊक होतं असं तरी झालं असतं. ती वाक्यं काढली जाताना आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, तीही तीन तीन वेळा. डोक्यात त्यातलं अक्षरही राहिलं नव्हतं. सगळं वाचून काहीच न कळणं, ही चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूस करू शकतो. ताईने कागद घडीवर घडी घालून पुन्हा खोक्यात ठेवला आणि पाण्याबरोबर पहिली गोळी घेतली.

पहिला महिना झकास गेला. ताई मशीनवर बसून गुणगुणायला लागली. मग दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या पाच. डॉक्टर म्हणाले, दुखणं वाढलंय, गोळी वाढवू. कंपनीच्या एमआरने त्यांना तेच पढवून ठेवलं होतं, हे पुढे कोर्टात निघालं. वर्षभराने ताई तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या औषधवाल्याकडे जायला लागली, मग तिसऱ्याकडे. गोळ्या बॉबिनच्या डबीत सापडायच्या, शिलाईच्या तेलाच्या बाटलीमागे सापडायच्या. एकदा शाळेने गणवेश परत पाठवला, त्याला दोन्ही बाह्या डाव्याच होत्या. वीस वर्षांत जिची टीप वाकडी गेली नाही ती माझी बहीण. ती हसली आणि त्या बाह्या पोटाशी धरून बसल्या जागी झोपली.

एकदा मी तिच्या गोळ्या मोरीत ओतल्या. ती माझ्या अंगावर धावून आली. "तू कोण गं मला सांगणारी? तूच म्हणालीस ना बिनधास्त घे? तूच म्हणालीस!" हे ती ओरडली तेव्हा घरात फक्त आम्ही दोघीच होतो. मी ते कुणालाही सांगितलं नाही, आईला तर नाहीच.

ताई गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मशीनचा दिवा चालू, पाय पायडलवर. आम्ही दोघं तेव्हा डोळ्यांच्या थेंबांचं पत्रक उलटं वाचत होतो. शेजारणीचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं घेण्याचं प्रमाण चुकलं." असं म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर पेशंट खोळंबले होते.

आठवड्याने दाजी कामावर आले ते थेट कोठीच्या खोलीत गेले. प्रत्येक कामाचं पाकीट तिथे सात वर्षं ठेवायचा नियम होता. पिवळ्या गोळीचं पाकीट त्यांनी काढलं, तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वाच. चिन्हं नकोत. सरळ वाच."

मी वाचलं. लाल रेघेखालची तीन वाक्यं वाचली. समासातलं 'काढावे' वाचलं. खालचा शिक्का वाचला.

"परत वाच," दाजी म्हणाले.

मी परत वाचलं. भिंतीपलीकडे यंत्र घड्या घालत होतं. दाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे आपण पाहिलं होतं?" त्यांनी मला असं विचारलं, जणू मी नाही म्हणाले तर ते मानतील. मी मान खाली घातली. त्यांनी तो कागद डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी नेला. लपवायचं कशाला? कुणी विचारलंदेखील नाही.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, आणि सोबत अधिक माहितीसाठी माहितीपत्रक. आमच्याच छापखान्यात छापलेलं, आमच्याच दोघांच्या नजरेखालून गेलेलं! छापखान्याच्या मालकाने दाजींना बोलावून समज दिली. "कानामात्रा, तुमचं दुःख मला कळतं. पण हे काम गेलं तर तीस घरं बसतील." दाजींनी नोकरी सोडली नाही. मीही नाही. हे मालिकेत नाही, कारण नायक दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येऊन बसला असं दाखवलं तर लोक चॅनल बदलतील.

पुढे इतर घरांतूनही माणसं गेली, इतकी की शेवटी खटला उभा राहिला. कंपनीने दंड भरला, चूक कबूल केली नाही, नाव बदललं आणि व्यसनमुक्ती केंद्रं काढली. पिवळ्या गोळीची सवय सोडवायला त्यांनी पांढरी गोळी काढली. तिचं पत्रक कुणाकडे आलं असेल? आमच्याकडे. त्याच इस्त्रीतल्या माणसाने आणलं, आता त्याला टक्कल पडलं होतं. त्या दिवशी मी ते पत्रक सरळ वाचलं, एकेक वाक्य. त्यातही 'नगण्य' हा शब्द होता. दाजींनी त्याखाली रेघ मारून 'हे खरं का?' असं लिहिलं आणि सही न करता प्रत परत केली. मालकाने दुसऱ्या टेबलावरच्या माणसाकडून सही घेतली. तेवढंच.

मग गोष्टी सांगणारे आले. सगळ्यांत आधी लेखक. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मऊ बुटांचा, हळू बोलणारा, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा. पाच वेळा आला. दाजींनी त्याला सगळं सांगितलं आणि कागदही दिला, पण एका अटीवर. "अख्खा छापा. तळासकट. मला बाकी काही नको." लेखक म्हणाला, "अगदी तळासकट, काका."

पुस्तक आलं. पान एकशे चौऱ्याऐंशीवर कागदाचं चित्र होतं. लाल रेघ, 'काढावे', साहेबाची सही. त्याखाली चार बोटं जागा कापलेली. आणि शेजारच्या पानावर लिहिलेलं, की या साध्या मुद्रितशोधकाने सर्वांत आधी बोट दाखवलं. दाजींनी पट्टी लावून चित्र मोजलं आणि माझ्यासमोरच लेखकाला फोन लावला.

लेखक म्हणाला, "काका, वाचकाला कुणाचा तरी हात धरून एवढ्या काळोखातून जावं लागतं. तुम्हीच सही केली होतीत हे कळलं तर तो कुणाचा हात धरणार?" पुस्तकात शोभेलसं बोलला. आणि मग म्हणाला, "शिवाय दुसऱ्या सहीवाल्या बाईंनीच मला फोन करून विनंती केली होती."

फोन स्पीकरवर होता. कारण दाजींना कमी ऐकू यायला लागलं होतं.

हो, मी फोन केला होता. आई माझ्याकडे राहत होती. लेक गेल्यापासून ती रोज एकदा तरी विचारायची, "माझ्या पोरीला ती गोळी घे म्हणून सांगितलं कुणी?" मी म्हणायची, डॉक्टरांनी. पुस्तकात माझी सही दिसली असती तर आई मला पुढचा प्रश्न विचारणार होती. मला तो प्रश्न नको होता. कंपनीने तीन वाक्यं काढली, मी चार बोटं कापून घेतली. कंपनीला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, अजून घालते. स्वतःला घालायला मात्र माझी जीभ रेटत नव्हती.

दाजींनी फोन ठेवला. ओरडले असते तर मी भांडले असते. चार दिवस मी समोर बसून वाचत होते, "स्वल्पविराम, कंस पूर्ण," आणि ते फक्त "पुढे" म्हणत होते.

पुस्तकावरून पॉडकास्ट झाला. मधाळ आवाजाची एक मुलगी 'ती दुपार' असं म्हणून उसासा टाकायची आणि उशाशी बसल्यासारखी माझ्या बहिणीचं मरण सांगायची. मरण अर्ध्यावर आलं की जाहिरात, सांधेदुखीच्या मलमाची. आईने तो माझ्या फोनवर सगळा ऐकला आणि म्हणाली, "देवमाणूस आहे तुझा दाजी." मग नाटक आलं. त्यात पिवळे झगे घातलेली बारा माणसं रंगमंचभर लोळत होती, म्हणे आम्ही गोळ्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दाजी तेव्हा विंगेत जाऊन दिग्दर्शकाला तळाचं विचारत होते. त्याने त्यांना मिठी मारली आणि पुढच्या प्रयोगाचे दोन पास दिले. मग मालिका. त्यात ताई बारीक कंबरेची आहे आणि डोळ्यांखाली तिला काळं फासलंय. सगळ्यांत चांगले कोट आणि सगळ्यांत चांगले संवाद कंपनीच्या मालकाला. आमच्या इमारतीतले लोक मला जिन्यात थांबवून सांगतात, "काहीही म्हणा, मालकाचं काम काय केलंय त्याने!" तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या बहिणीला मारणाऱ्या माणसाचा अभिनय आवडला, हे मला सांगतात!

मी हे आज फार शूरपणे बोलतेय. तेव्हा मी आईच्या शेजारी बसून ती मालिका पाहत होते आणि चित्रातला कागद पडद्यावर आला की श्वास रोखत होते. तळ नाही दिसला की श्वास सोडत होते.

निवृत्त झाल्यावर दाजींनी काय केलं तर शुद्धिपत्र छापलं. पुस्तकात चूक राहिली की आत एक चिठ्ठी घालतात, अमुक पानावर अमुक वाचावे, ती. छापखान्यातल्या जुन्या ओळखीने त्यांनी ते आमच्याच पातळ कागदावर छापून घेतलं आणि त्याच यंत्रावर घडी मारून घेतली. मजकूर त्यांचा होता:

'शुद्धिपत्र. पान १८४. चित्राचा तळ कापला आहे. मूळ कागदावर तळाशी "वाचून पाहिले, बरोबर आहे" असा शिक्का आणि दोन सह्या आहेत. पहिली सही या पुस्तकात ज्याला शूर म्हटले आहे त्याची. वाक्ये काढल्याचे त्याने पाहिले होते. चार महिन्यांनी त्याने ती गोळी आपल्या बायकोला घ्यायला सांगितली. दुसरी सही'

आणि पुढे कोरी जागा. छापण्याआधी ते माझ्याकडे आले होते. मी दार अर्धं लावून जिन्यातच बोलले, आई आत होती.

"माझं नाव घालाल तर याद राखा, दाजी."

"तुझ्या वतीने मी कसं घालणार? जागा ठेवतो."

"जागाही नको!"

"सही आहे तिथे जागा राहणारच," ते म्हणाले आणि कठडा धरून हळूहळू उतरले.

पाच वर्षं ते पिशवी घेऊन फिरले. ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं, जुन्या पुस्तकांचे ढीग. पुस्तक काढायचं, एकशे चौऱ्याऐंशी उघडायचं, घडी ठेवायची, पुस्तक परत जागेवर. ग्रंथपालबाईंनी एकदा पकडलं, तेव्हा त्यांनी बाईंनाही एक दिली. एका दुकानदाराने दंडाला धरून बाहेर काढलं, आणि गंमत म्हणजे त्याच्या खिडकीत मालिकेतल्या दाजींचं माणसाएवढं चित्र उभं होतं. मालिकावाल्यांपर्यंत चिठ्ठी पोचली तेव्हा त्यांच्या वकिलाची नोटीस आली. मी ती तीनदा वाचली, विश्वासच बसेना. आपल्या कृत्यामुळे आमच्या मालिकेतील मध्यवर्ती पात्राची बदनामी होत आहे! माझ्या दाजींमुळे माझ्या दाजींची बदनामी. दाजींनी नोटिशीतली एक चूक दुरुस्त केली आणि ती परत पाठवून दिली.

गेल्या वर्षी त्यांना हाडांचा कॅन्सर निघाला. शेवटच्या तीन आठवड्यांत मी दिवसा दवाखान्यात बसायची. आई हट्ट करून येत होती. त्र्याऐंशीची झालीय, पण "देवमाणसाजवळ बसते" म्हणायची आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसायची. दुखणं असह्य झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहिली. पिवळी नव्हे, पण त्याच जातीची. दाजी नर्सला म्हणाले, "कागद द्या."

नर्सला कळेना. मी खोक्यातली घडी काढली.

"पोपट, वाच. सरळ."

मी वाचलं. पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. वीस मिनिटं लागली. नर्स दोनदा येऊन गेली. त्या पत्रकात ती तीन वाक्यं होती, ठळक अक्षरात. त्या वाक्यांशी दाजींनी मला थांबवलं, डॉक्टरीणबाईंना बोलावून किती, केव्हा, कोण देणार ते विचारलं. त्यांनी समोर बसून सगळं सांगितलं. मग दाजींनी गोळी घेतली. एवढंच तर करायचं होतं तेव्हा, जेवणाच्या टेबलाशी. वीस मिनिटं.

तासाभराने त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. उशीखाली हात घालून त्यांनी शुद्धिपत्राची एक घडी काढली, उघडली आणि मला दिली. दुसरी आपल्या छातीवर पसरली. चष्मा लावला. पट्टी नव्हती, म्हणून आडवं बोट ठेवलं.

"हे दोघांनी वाचायचं राहिलंय," ते म्हणाले. "एकट्याने तपासलेलं मी कधी पाठवलं नव्हतं."

"दाजी, नंतर." मी आईकडे पाहिलं. ती जागी होती.

"वाच."

मी वाचायला लागले. आवाज बारीक ठेवला, पण आईला अजून सगळं ऐकू येतं. पान एकशे चौऱ्याऐंशी. तळ कापला आहे. दोन सह्या. दाजींचं बोट ओळीओळीने सरकत होतं. 'त्याने ती गोळी आपल्या बायकोला घ्यायला सांगितली' इथे आईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि दाजींकडे पाहिलं. दाजींनी तिच्याकडे पाहून मान हलवली, हो म्हणून.

"दुसरी सही," मी वाचलं आणि थांबले.

"पुढे," दाजी म्हणाले.

"पुढे काही नाही छापलेलं."

"छापलेलं नाही. पुढे वाच."

मी थोरल्या बहिणीची धाकटी बहीण आहे. एकोणीस वर्षं मी कंपनीला, डॉक्टरला, लेखकाला, त्या मधाळ मुलीला बोल लावत होते, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. मी कोऱ्या जागेकडे पाहिलं. मग छापलेलं असावं तसं, न अडखळता, माझं नाव वाचलं. ते वाचून थांबले नाही. "तिने ती वाक्ये मोठ्याने वाचली होती. बहिणीने विचारले तेव्हा तिनेही बिनधास्त घे म्हणून सांगितले. पूर्णविराम."

दाजींचं बोट कोऱ्या जागेच्या टोकाला पोचलं होतं. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी पेन दिलं. समासात त्यांनी बरोबरची खूण केली, जरा तिरपी आली. आणि पेन सहीसाठी मला परत दिलं.

आई खुर्चीत पुढे सरकली होती. मला वाटलं आता ती उठेल, मला मारेल, निघून जाईल. तिने माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं.

"परत वाच," आई म्हणाली.